गाठ चैतालीने मारावी

मी, श्रीमती कुसाबाई रंगनाथ निरगुडे, वय वर्षे अडुसष्ट, राहणार सिडको, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डोळे अधू झाले आहेत आणि सकाळच्या वेळी उजव्या हाताची बोटे वळत नाहीत, पण समज शाबूत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की भुलवलेले नाही. आग्रह मात्र एकाने खूप केला, आणि तो मी का मानला नाही ते पुढे लिहिले आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकिलांनी टाईप केलेला कागद दोनदा घरी आला होता, त्यावर माझी सही नाही. तो कोणाला सापडला तर रद्दीत घालावा.

माझी माणसे अशी. माझे पती रंगनाथ सातपूरला कारखान्यात होते, ते बारा वर्षांपूर्वी वारले. थोरला मुलगा नवनाथ, तो पाथर्डी फाट्याला राहतो. धाकटा रोहित इगतपुरीजवळ रस्त्यावर अपघातात गेला, त्याला तीन पावसाळे झाले. रोहितची बायको चैताली आणि मुलगी तेजल माझ्याजवळ राहतात. किंवा मी त्यांच्याजवळ राहते. हल्ली ते नक्की सांगता येत नाही.

मी विंचूरला दुसरीपर्यंत शाळेत गेले. वाचायला खरी शिकले लग्नानंतर, मण्यांच्या पुड्यांवरून. भद्रकालीतल्या दुकानात मणी वर्तमानपत्राच्या कागदात बांधून मिळायचे. पुडी सोडली की मणी वाटीत जायचे आणि कागद माझ्या मांडीवर यायचा. एक एक अक्षर लावत बातमी वाचायची, तर ती निम्म्यातच फाटलेली. पुढे त्या माणसाचे काय झाले ते कधी कळायचे नाही. त्या चुटपुटीपायी मी वाचनालयात नाव घातले. तेव्हापासून हाती आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय लागली. वकिलांचा कागदही मी तसाच वाचला.

१. घर.

सिडकोतले हे घर पहिल्यापासून माझ्या नावावर आहे. तसे करताना ह्यांना त्यांची भावकी हसली होती. हे म्हणाले होते, "घरात जी जास्त वेळ बसते, तिचं घर." त्याच नियमाने हे घर, वरच्या खोलीसकट आणि मागच्या पत्र्याच्या शेडसकट, माझ्यामागे चैताली रोहित निरगुडे हिचे पूर्ण मालकीचे होईल. ती ते ठेवील, विकील, भाड्याने देईल, तिची मर्जी.

ती पुन्हा लग्न करो अथवा न करो, या कलमात काही फरक पडणार नाही.

हे वाक्य मी मुद्दाम वेगळे लिहिले आहे. टाईप केलेल्या कागदात बरोबर उलटे होते. चैतालीने पुनर्विवाह करेपर्यंत घराचा उपभोग घ्यावा, त्यानंतर घर नवनाथकडे जावे, असे. मी वकिलांना म्हटले, हे मी सांगितलेले नाही. ते म्हणाले, "मावशी, असं सगळेच घालतात. घर घराण्यात राहतं." मी काढायला सांगितले. दुसऱ्यांदा कागद आला, वाक्य तिथेच, फक्त एक पान पुढे सरकलेले. मग कळले की नवनाथने फोन केला होता.

मी त्याला बोलावले. तो लपवणारा नाही, ते त्याचे चांगले आहे.

"हो, मीच सांगितलं," तो म्हणाला. "उद्या तिने लग्न केलं तर? कोणीतरी परका येऊन अण्णांच्या खुर्चीत बसेल."

"मग खुर्ची तू घेऊन जा. तशीही ती एका पायाने डुगडुगते."

"आई, थट्टा नको."

"थट्टा नाही रे. खुर्ची लिहून देते तुला."

"तुला माहितीये का, ऑफिसातला तो कोण तिला स्कूटरवर सोडायला येतो?"

"माहिती आहे. राजू नाव आहे त्याचं. चहा न घेता जातो, एवढाच त्याचा दोष मला दिसला."

तो उठून गेला. चार दिवस त्याचा फोन नव्हता. म्हणून हा कागद मी हाताने लिहिला. यात कोणाला मध्येच वाक्य घालता येणार नाही.

गावची जमीन विकली तेव्हा ते पैसे नवनाथच्या फ्लॅटला गेले, आणि रोहितने त्यात वाटा मागितला नाही. एवढे आठवण म्हणून लिहिते. हिशोब म्हणून नाही.

२. खुर्ची, आणि नवनाथ.

ह्यांची लाकडी खुर्ची नवनाथला. ह्यांचे घड्याळही त्याला, ते बंद आहे. शिवाय कपाटात वरच्या फळीवर पांढऱ्या फडक्यात एक कुंची आहे. ती मी आयुष्यात शिवलेली पहिली वस्तू. एका बाजूची झालर दुसरीपेक्षा लांब आहे, कारण मला तेव्हा मापे येत नव्हती. ती घालून तू पहिल्यांदा देवळात गेलास, नवनाथ. ती मी रोहितलाही घातली नाही.

३. काळे मणी.

हे कलम लांब होईल. वाचणाऱ्याने कंटाळू नये, मीही लिहिताना दमणार आहे.

मी दागिने करते ती हौस आहे, धंदा नव्हे. कारखान्यात टाळेबंदी झाली तेव्हा माझे सोने गेले. मोकळा गळा घेऊन हळदीकुंकवाला कसे जायचे म्हणून खोट्या मोत्यांची ठुशी केली. बायकांनी खरी समजून हात लावून पाहिली. तिथून जे लागले ते सुटले नाही. ठुश्या, कुड्या, रेशीमदोऱ्याच्या बांगड्या, येवल्याच्या पैठणीच्या उरलेल्या काठांचे बटवे, मालेगावच्या कापडाच्या कात्रणांच्या पिशव्या. सगळ्यांत जास्त मी काळी पोत गाठवली. आळीतल्या किती मुलींच्या लग्नात मंगळसूत्र माझ्याकडून ओवून नेले. सवाष्णीने ओवावे असा रिवाज आहे, आणि तेव्हा मी सवाष्ण होते.

हे गेले त्या दिवशी ह्यांना अजून उचललेही नव्हते. माझ्या नणंद आक्काबाई पुढे आल्या आणि माझ्या गळ्यातल्या पोतीला त्यांनी हिसका दिला. दोरा चांगला होता, मी स्वतः वळलेला, लवकर तुटेना. त्यांनी दोन्ही हातांनी ओढला. मान कापली. मणी अंगणभर झाले. नंतर कोणीतरी खराट्याने लोटून ते केरात भरले. सगळे निघून गेल्यावर मी केर पसरून मणी वेचले. सगळे मिळाले नाहीत.

त्यानंतर कोणी मंगळसूत्र ओवायला माझ्याकडे आणले नाही. कोणी काही बोलले नाही, फक्त आणायचे थांबले. माझी बोटे तीच होती.

दोन वर्षांनी तेजल झाली. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून काळ्या मण्यांच्या मनगट्या घालतात, त्या मी केल्या. बारशाला आक्काबाईंनी त्या हातात घेऊन पाहिल्या. म्हणाल्या, "कुसा, किती गं सुबक! बाजारात असे मणी हल्ली मिळत नाहीत."

"नाही मिळत, आक्का," मी म्हटले.

आक्काबाई, ते मणी तुम्ही तोडलेल्या पोतीतले होते. केरातून वेचलेले. पोरीला काही झाले नाही, दात वेळेवर आले, चालायला लवकर लागली. हे मी तुम्हाला तोंडावर सांगायला पाहिजे होते, पण तुम्ही मनगट्या काढून फेकल्या असत्या. आता तेजल मोठी झाली आहे. आता कळले तरी चालेल.

मग रोहित गेला. त्याविषयी मी इथे लिहिणार नाही. इतकेच लिहिते, की अंगणात पुन्हा त्याच बायका होत्या आणि आक्काबाई पुन्हा पुढे आल्या. चैताली भिंतीला टेकून बसली होती. तिला आपल्याकडे कोण येत आहे तेही दिसत नव्हते. मी मध्ये उभी राहिले.

"सरक, कुसा," आक्काबाई म्हणाल्या. "रीत असते."

"मंगळसूत्रच काढायचंय ना? मी काढते. गाठ माझी आहे."

चैतालीच्या लग्नात, हे असताना, तिचे मंगळसूत्र मीच ओवले होते. माझी गाठ कुठे लपलेली असते ते मला ठाऊक. मी मागे बसून नखाने ती सोडवली. वेळ लागला. मागून कोणीतरी म्हणाले, "अगं, माणूस ताटकळलाय." माणूस माझा होता. मी घाई केली नाही. एकही मणी जमिनीवर पडू दिला नाही.

काढू नका, राहू द्या तिच्या गळ्यात, असे म्हणायला पाहिजे होते हे मला नंतर सुचले. त्या दिवशी माझ्याकडून तेवढेच झाले.

म्हणून माझी सूचना लिहून ठेवते. माझ्यामागे या घराच्या अंगणात कोणीही कोणत्याही बाईच्या गळ्यातले काही तोडायचे नाही. आक्काबाई असतील तर त्यांना पुढच्या खोलीत बसवून पाणी द्यावे. त्यांच्यासाठी पैठणीच्या हिरव्या काठाचा एक बटवा ठेवला आहे, आत सुपारीचा कप्पा आहे. तो राग म्हणून नाही. त्या म्हाताऱ्या झाल्या आहेत, त्यांच्या हातातून सुपारी सांडते.

४. हत्यारे आणि माल.

शिवणयंत्र, कात्र्या, पकडी, तारांची भेंडोळी, मण्यांच्या सगळ्या बरण्या चैतालीला. तिला यातले काही करता येत नाही आणि ती शिकेल असेही नाही. विकले तरी चालेल. पण टाचण्यांची लाल उशी विकू नये. माझे डोळे अधू झाल्यापासून चैताली रोज ऑफिसला जाण्याआधी पाच-सहा सुया ओवून त्या उशीला टोचून ठेवते. हे ती मी न सांगता करते. कधी भांडण झाले तरी सुया ओवलेल्या असतात.

तयार माल तेजलच्या वर्गातल्या मुलींना वाटावा. जोडीदार हरवलेले एकेकटे झुमके एका डब्यात आहेत, ते तेजलला. तिला दोन कानांत दोन वेगळे घालायला आवडतात. तिला कोणी रागावू नये.

शेजारच्या सुमनबाईला मोराची पोटली हवी होती. वकील म्हणाले साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, म्हणून ती मी आज सकाळी जिवंतपणीच दिली. ती म्हणाली, "आणि उद्या तू मेली नाहीस तर?" मी म्हटले, "तर परत घेईन."

५. बँक.

माझ्या आजारपणातून जे उरेल ते नवनाथ आणि तेजल यांनी निम्मे निम्मे घ्यावे. फार उरणार नाही.

६. माझे शेवटचे.

मला नेताना कानात मी केलेल्या मोत्यांच्या कुड्या असाव्यात. विधवेच्या कानात कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणू द्यावे. बाकी थाट नको. मला फार दिवसांपासून पडून राहावेसे वाटते आहे, तेव्हा कोणी उगीच हंबरडा फोडू नये.

७. अंमलबजावणी.

या मृत्युपत्राप्रमाणे सगळे पार पाडण्याची जबाबदारी मी माझा मुलगा नवनाथ रंगनाथ निरगुडे याच्यावर टाकते. हे ऐकून ह्यांचे कारखान्यातले सोबती पुंजारामभाऊ म्हणाले, "वहिनी, ज्याची हरकत, त्याच्याच हातात देता?" हो. दुसऱ्याच्या हातात दिले तर तो भांडेल. त्याच्या हातात दिले तर तो पार पाडील. तो बापावर गेला आहे, अंगावर पडले की नाही म्हणत नाही. काल संध्याकाळी तो आला. मी हा कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने शेवटपर्यंत वाचला. खुर्चीत बसूनच वाचला. मग एवढेच विचारले, "कुंची कुठाय?" मी दाखवली. त्याने ती हातावर घालून पाहिली, घडी केली, आणि परत फळीवर ठेवली. "आत्ता नको," म्हणाला.

८. उरलेली एक वस्तू.

चैतालीशी मी हा विषय एकदाच काढला. ती म्हणाली, "आई, मी कुठं चाललेय? कशाला हे आत्ता?"

"नको जाऊस," मी म्हटले. "राहा. पण घर जाईल या भीतीने राहू नकोस. आणि डोक्यावर छप्पर पाहिजे म्हणून कोणाबरोबर जाऊही नकोस. दोन्हीकडून मोकळी राहून काय ते ठरव."

दुसऱ्या दिवशी उशीत सुयांना जागा उरली नव्हती.

तिच्या मंगळसूत्राच्या सोन्याच्या वाट्या तिच्याकडे आहेत. काळे मणी माझ्याकडे होते, सगळेच्या सगळे. ते मी या हिवाळ्यात तिनेच ओवून ठेवलेल्या सुयांनी पुन्हा ओवले आहेत. बोटे दुखायची, म्हणून रोज थोडे थोडे. ती माळ लाल उशीशेजारच्या डबीत आहे. मी शेवटची गाठ मारलेली नाही. सुई अजून दोऱ्यातच आहे.

ही माळ चैतालीला. तिने ती गळ्यात घालावी, तेजलला द्यावी, पुन्हा लग्न केले तर नव्या वाट्या घालून वापरावी, नाहीतर दोरा ओढून मणी मोकळे करावेत. यातले काहीही केले तरी माझी हरकत नाही आणि दुसऱ्या कोणाला हरकत घेण्याचा हक्क नाही. फक्त गाठ तिची तिने मारावी. दुसऱ्या कोणी मारू नये, आणि दुसऱ्या कोणी तोडू नये.

वरील सर्व मी लिहिले, मी वाचले, शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही करते.

ठिकाण: सिडको, नाशिक
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५

(सही) कुसाबाई रंगनाथ निरगुडे

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना पाहिले आणि माझ्यासमोर आपापल्या सह्या केल्या:

१. (सही) सुमनबाई दगू कातकाडे, शेजारीण
२. (सही) पुंजाराम सखाराम आव्हाड, रंगनाथ यांचे कारखान्यातील सोबती