वेळ ताणण्याचं शास्त्र

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.१०
आजपासून आयुष्याला वळण. गाईड मॅडमनी स्पष्टच सांगितलं की पीएचडीला मुदतवाढ हवी असेल तर वीस तारखेला कमिटीपुढे निकाल ठेव, नाहीतर गाशा गुंडाळ. चौथी मुदतवाढ. चार हा आकडा मला लाभतो.

विषय: डायनॅमिक टाइम वॉर्पिंग. दोन सिग्नल घ्यायचे, एक भरभर जाणारा, एक रमतगमत. वेळ कुठे ताणायचा, कुठे आखडायचा आणि दोघांचा आकार जुळतो का ते बघायचं. अंतर शून्याच्या जवळ आलं की समजायचं, दोघे सारखे. हृदयाचे ठोके, भूकंप, पक्ष्यांची शीळ, सगळ्यांना चालतं. बायकोला समजावलं. वेळ ताणण्यात तू आधीपासूनच डॉक्टर आहेस, वेगळी पदवी कशाला, असं म्हणाली. बरं वाटलं. घरातून असा पाठिंबा लागतो.

३ फेब्रुवारी
फिजिओथेरपीचे गुडघेवाले डॉक्टर रुग्णांच्या चालीचे सिग्नल देणार. तुलनेला धडधाकट माणसाची चाल हवी. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. कमरेला सेन्सरचा पट्टा, रोज सकाळी सहा ते साडेसहा चालायचं, दहा दिवस. संकल्प: पाचला उठणे. नवे बूट आणले. निळे.

५ फेब्रुवारी
५.५५ ला पट्टा बांधला. एक बूट घातला. दुसरा पलंगाखाली गेलेला. वाकण्याआधी जरा टेकलो. पावणेनऊ वाजले. पण सेन्सर चालू होता! नोंद झाली. मुख्य काम तेच.

६ फेब्रुवारी
वेळ वाचावा म्हणून बूट घालूनच झोपलो होतो. बायको चादरीवरून बरंच बोलली. अशा वातावरणात कोण चालणार? पट्टा मात्र सोडला नाही.

९ फेब्रुवारी. सकाळी ८.४५
जबरदस्त विचार सुचला, तोही आडवं असताना. वॉर्पिंगला वेगाशी देणंघेणंच नाही. भरभर चाला नाहीतर सावकाश, चाल तीच. मग एखादा माणूस फारच सावकाश चालला, इतका की जागचा हललाच नाही, तरी तत्त्वतः तो चालतोच आहे. इतकी साधी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. निश्चिंत मनाने पुन्हा ताणून दिली.

१३ फेब्रुवारी
रुग्णांशी माझी चाल जुळेना. अंतर ३८! दोष रुग्णांचा. बिचारे लंगडतात. दुसरं क्षेत्र शोधायला हवं. प्राणिशास्त्राच्या कासववाल्या बाई त्यांच्या कासवाच्या पाठीवर सेन्सर चिकटवून नोंदी घेतात. जिन्यात गाठून फाइल मागितली, लगेच दिली. कासव तेव्हा काय करत होतं ते विचारायचं राहिलं. कासव काय करणार? चालणार!

१४ फेब्रुवारी
०.०२!!! शून्य पूर्णांक शून्य दोन! माणूस आणि कासव एकाच चालीने चालतात! प्रयोगशाळेत टेबलाभोवती तीन फेऱ्या मारल्या. (पट्टा घरी होता, नाहीतर नोंद झाली असती.) बायकोला ऑफिसात फोन केला. ती मीटिंगमध्ये होती. थांबवेना, सगळं सांगून टाकलं. फोन स्पीकरवर होता म्हणे. लोक हसले म्हणे. आनंदानेच हसले असणार.

१८ फेब्रुवारी
स्लाइडा तयार. शीर्षक: चालीचा वैश्विक नियम. नियमाला स्वतःचं नाव द्यावं का? नम्रपणे फक्त आडनाव दिलं. कासववाल्या बाई आणि गुडघेवाले डॉक्टर, दोघांनाही कमिटीला बोलावलं. इतिहास घडताना साक्षीदार असावेत.

२० फेब्रुवारी. संध्याकाळी ६.००
गुडघेवाल्या डॉक्टरांनी आलेख मिनिटभर निरखला. हा कोणता पेशंट, असं विचारलं. मी, असं मी छाती फुगवून म्हणालो. ते म्हणाले, हा माणूस चालत नाहीये, झोपलाय, बहुतेक डाव्या कुशीवर. मग कासववाल्या बाई हळूच म्हणाल्या की त्यांचं कासवही हिवाळाभर झोपलेलंच आहे, फाइल त्या झोपेची आहे. पुरावा म्हणून पिशवीतून नेलेल्या निळ्या बुटांचे तळवे डॉक्टरांनी बघायला मागितले. तळवे कोरे.

मॅडम हसल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा. पद्धत अगदी अचूक आहे, दोन झोपलेले जीव बरोब्बर ओळखले, असं म्हणाल्या. मग हसू आवरून दहा दिवस दिले. खरोखर चालून ये, ही शेवटची संधी.

वाईट वाटलं. अगदी मनापासून लाज वाटली. घरी बसमध्ये न बसता चालत येणार होतो, पण बस समोरच उभी होती.

२१ फेब्रुवारी
आज शनिवार. सोमवारपासून नक्की.

२३ फेब्रुवारी
महिन्याचा शेवटचा आठवडा अर्धवट वाटतो. एक तारखेपासून कडक.

१ मार्च
रविवार आहे हे आधी पाहायला हवं होतं.

२ मार्च. सकाळी ८.५०
कासववाल्या बाईंचा मेसेज. कासव शुक्रवारी जागं झालं. तेव्हापासून रोज सकाळी सहाला उठून खोलीभर चालतं, एकही दिवस खाडा नाही. डॉक्टर खूश आहेत. आता रुग्णांच्या चालीची तुलना त्याच्याशीच करायचं ठरलं. मॅडमनी प्रकल्पाला मुदतवाढ मिळवली आहे. माझ्याशिवाय.

मेसेज सहा दहाचा होता. शेवटी लिहिलंय, पट्टा आणून द्या, कासवाला हवा आहे.

पट्टा सोडला. कमरेवर वळ उठलाय. बूट दुकानदार परत घेईल का ते विचारायचं. तळवे कोरे आहेत.