आईचं विमान

प्रिय रतनदादा,

सप्रेम जय भीम.

गोंदियाच्या दवाखान्यातून लिहिते आहे. आईच्या हृदयाची शस्त्रक्रिया हैदराबादला करावी लागेल, आणि रस्त्याने नेलं तर ती वाटेतच जाईल, असं डॉक्टर म्हणाले. तू दोहाहून दरवर्षी ज्या कंपनीची वर्गणी भरतोस, तिचं रुग्णविमान दुपारी इथल्या बिरसी विमानतळावर उतरेल. सभासद म्हणून स्वतःबरोबर आईचंही नाव घातलंस, ते आज कामी आलं.

पण आई ऐकेचना. "मराचं असन तं आपल्या गावात, गोरेगावातच मरीन. इमान कायले पायजे?" सकाळभर मी समजावलं, डॉक्टरही रागावून गेले. मग तिनेच विचारलं, "रतन असाच इमानात बसून गेला ना? हे त्याच्याकडेच जाते का?"

मी फार थकले होते, दादा. हो म्हणाले.

"मंग पयलेच काऊन नाही सांगतलं, बह्याड?"

तिने माझ्याकडून केस विंचरून घेतले. तुला आवडतात म्हणून लाखोरीच्या डाळीचे वडे करून आण म्हणाली. वेळ नाही म्हटलं, तर रुसली.

तुला सुट्टी नाही हे मला ठाऊक आहे. हे पत्र मिळालं तर तू नोकरी सोडून निघशील, किंवा निघणार नाहीस. दोन्ही मला सोसणार नाही, म्हणून पाठवणार नाही.

बिरसीला नेणारी गाडी दारात आली आहे. स्ट्रेचरवर पडल्यापडल्या आई विचारते आहे, "त्याच्या खोलीत आपल्या दोघींले झोपायले जागा असन ना?"

असेल, म्हणाले मी.

तुझी,
रचना