निसटणारी नळी

मर्राबा, ता. ४ जानेवारी १९८८

ती. क्लेमदादास,
नोरीनचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

नाताळचा केक पोचला. आपलं नाताळ ऐन उन्हाळ्यात, त्यामुळे वरचं आयसिंग टपालगाडीतच वितळून गेलं होतं, पण आम्ही सासू-सुनांनी चमच्याने खरवडून खाल्लं. बर्निसवहिनींना सांग, सासूबाईंनी चक्क कौतुक केलं. लग्नापासून आजवर माझ्या स्वयंपाकाला ते भाग्य लाभलेलं नाही.

आता रडगाणं ऐक. गाडी वर्षाच्या सरकारी तपासणीत नापास झाली, आणि पास झाल्याशिवाय ती तुझ्यापर्यंत आणता येत नाही. डावा इंडिकेटर लावला की वेड्यासारखा भराभर टिकटिकतो आणि मागचा दिवा पेटतच नाही. दुसरं दुखणं जास्त मोठं. तपासणी करणाऱ्या कोबार गावातल्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं आणि नाकाला रुमालच लावला. पेट्रोलची वाफ बाहेर न जाता परत इंजिनात जावी म्हणून ज्या नळ्या कायद्याने असायला हव्यात, त्या माझ्या नवऱ्याने, रसने, कधीच काढून फेकल्या होत्या आणि त्यांच्या जागी भोकांत बोल्ट ठोकून ठेवले होते. इकडे सगळेच पुरुष तसं करतात. नळ्या उपटल्या की गाडीला जोर चढतो, अशी त्यांची ठाम समजूत. रस वारून सव्वा वर्ष झालं, पण त्याचे बोल्ट अजून माझी वाट अडवून बसलेत.

तुला ठाऊक आहे, नर्सिंग सोडलेल्या बायकांना पुन्हा कामावर घेण्यासाठीचा तुझ्या न्यूकॅसलचा वर्ग एक फेब्रुवारीला सुरू होतो आणि चाळिशीच्या आतल्यांनाच घेतात. एप्रिलमध्ये मी चाळिशी पूर्ण करते. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. टपालगाडीने निघून ये म्हणशील. पण पहाटेच्या पाळीला तुझ्याकडून हॉस्पिटलात जायला गाडी लागणारच, आणि गाडी नसेल तर सासूबाईंना भेटायला मी परत येणार कशी? इथे त्यांच्याजवळ रसचा पिकअप आहे, पण त्याची नोंदणी नाही, म्हणून तो आमच्या रानाबाहेर न्यायची परवानगी नाही.

काय करू ते लिहून कळव. फोन करू नकोस. आमची लाइन आजूबाजूच्या घरांशी सामाईक आहे, सगळे ऐकतात, माझ्या कार्ब्युरेटरची खबर संध्याकाळपर्यंत अख्ख्या परगण्याला लागेल.

लोभ आहेच, तो या उन्हात वितळू देऊ नकोस.

तुझी,
नोरीन

न्यूकॅसल, ता. ९ जानेवारी १९८८

चि. नोरीनला,
अनेक आशीर्वाद.

तुझा नवरा देवमाणूस होता, पण देवाने त्याच्या हातात पाना द्यायला नको होता. असो, गेलेल्या माणसाला किती बोलायचं!

इंडिकेटर भराभर टिकटिकतो, याचा अर्थ जोडीतला एक दिवा वीज घेत नाहीये. बल्ब ठीक असेल तर अर्थिंगची तार बघ. मागच्या दिव्याजवळ ती पत्र्याला जिथे स्क्रूने बसवली आहे, तिथे गंज असणार. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घास आणि तार पुन्हा आवळ. काम एवढंच, पण गॅरेजवाला याचेच पैसे लावून तुला लुबाडेल.

सोबतच्या पार्सलात नळ्या आहेत. बोल्ट काढून टाक. जाड नळी इंजिनाच्या झाकणापासून हवेच्या गाळणीपर्यंत जाते. बारीक नळी पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या त्या काळ्या डब्यापासून कार्ब्युरेटरच्या बुडाशी. बारकीला जप. ती निसटली तर आत फुकटची हवा शिरते, गाडी जागेवर थरथरते आणि वेग कमी केला की बंद पडते. म्हणून स्क्रूने आवळायच्या पट्ट्या पाठवल्या आहेत. एकदा आवळलेली नळी बैलाने ओढली तरी निघणार नाही.

तुझी खोली रंगवून ठेवली आहे. रंग बर्निसने निवडलाय, दोष मला देऊ नकोस. तुझ्या सासूबाईंना, इनिडबाईंना, नमस्कार.

आशीर्वाद आहेतच, वेगळे मागायला नकोत.

तुझा,
क्लेमदादा

मर्राबा, ता. १५ जानेवारी १९८८

ती. क्लेमदादास,
सा. न. वि. वि.

दादा, मी केलं! एकटीने! नाही, खोटं कशाला बोलू, सासूबाई बॅटरीचा उजेड धरून उभ्या होत्या. मी हात घालायच्या आत, पाना कितीचा लागेल ते सांगायच्या. युद्धात त्या लष्कराच्या लॉऱ्या चालवायच्या आणि दुरुस्तही करायच्या, पण रसच्या बापाला बायकोने बॉनेट उघडलेलं खपायचं नाही, म्हणून चाळीस वर्षं त्यांनी हात लावला नव्हता. त्या संध्याकाळी आम्ही दोघी काळ्या हातांनी चहा प्यायलो. इतक्या हसलो की कुत्रा भुंकायला लागला.

आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यावर पाणी पडलं. सकाळी पुन्हा तपासणीसाठी कोबारला निघाले. फाटकापासूनच गाडी थरथरत होती. आमच्याच रानातल्या दुसऱ्या कुंपणापाशी, गुरं अडवायला रस्त्यात बसवलेल्या लोखंडी जाळीवर, वेग कमी केला आणि ती मेली. चालू होई, पुढे जाई, पुन्हा मरे. पेट्रोलचा वास असा की काच उघडली तर धूळ, बंद केली तर गुदमरायला होई. बॉनेट उघडून पाहिलं, तर बारकी नळी मोकळी लोंबत होती. माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर नव्हता. झाड नाही, माणूस नाही. दुपारी सासूबाई पिकअप घेऊन शोधत आल्या. गार पाणी आणलं होतं, सँडविच आणले होते. त्यांनी गाडी दोराने बांधून घरी आणली. वाटेत म्हणाल्या की हा रस्ताच असला आहे, भल्याभल्या पट्ट्या सैल होतात. मग म्हणाल्या की एखाद्या गोष्टीचा योगच नसतो, माणसाने फार जिवाला लावून घेऊ नये.

घरी पाहिलं तर इंडिकेटरही पुन्हा भराभर टिकटिकत होता.

दादा, मला इथे श्वास घेता येत नाही. तीच भिंत, तेच ताट, रसची रिकामी खुर्ची आणि आम्ही दोघी. सासूबाई कधी वाकडा शब्द बोलत नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान चिडता तरी आलं असतं. माझं काही चुकलं का नळी बसवताना?

तुझ्या पत्राची वाट पाहत फाटकाकडे डोळे लावून बसलेली,
नोरीन

न्यूकॅसल, ता. १९ जानेवारी १९८८

चि. नोरीन,
आशीर्वाद.

हे पत्र एकटी असशील तेव्हा वाच.

तुझं काहीही चुकलेलं नाही. माझं आयुष्य गाड्यांखाली पाठीवर पडून गेलं. खराब रस्त्याने नळी फाटते, चिरते, पट्टीत अडकून लोंबते. पण पट्टीचा स्क्रू आपल्या आपण उलटा फिरत नाही. नळी अखंड मोकळी लोंबत असेल तर ती कुणीतरी सोडवली आहे. आणि घासून आवळलेली अर्थिंगची तार त्याच रात्री सैल व्हावी, हा योगायोग माझ्या गळी उतरत नाही.

तुमच्या घरात माणसं दोन. सोडवणारी तू नाहीस. यापुढे लिहायला माझा हात धजत नाही, म्हातारीबद्दल मला आदर आहे. पण वर्ग एक तारखेला आहे. मी शनिवारी येऊन तुला घेऊन जाऊ का? फक्त 'ये' एवढं लिही.

काळजीत असलेला,
क्लेमदादा

मर्राबा, ता. २४ जानेवारी १९८८

ती. क्लेमदादास,
सा. न. वि. वि.

येऊ नकोस. तू आलास तर पळवून नेल्यासारखं होईल, आणि मग मी या दारात पुन्हा कोणत्या तोंडाने पाय ठेवू?

तुझं पत्र वाचून आधी तुझाच राग आला. मग मी नळी घट्ट बसवली, तार आवळली आणि कुणाला काही न बोलता झोपायला गेले. सकाळी दोन्ही सुटलेल्या. सासूबाई चुलीशी अंडी तळत होत्या. माझं अंडं त्यांनी मला आवडतं तसं, कडा कुरकुरीत करून तळलं होतं.

मला ताट भिरकावून द्यावंसं वाटलं. खरंच सांगते, त्या क्षणी मला त्यांचा तिरस्कार वाटला. मी कैदी, आणि माझा तुरुंगाधिकारी माझ्या पावाला लोणी लावतोय! पण लोणी लावलेला पाव पुढे करून त्या रसच्या खुर्चीकडे बघत राहिल्या. एकुलता एक मुलगा पुरला त्यांनी. मी गेले की या घरात त्यांच्याशी बोलणारा फक्त रेडिओ. मी तीनदा म्हटलं माझ्याबरोबर चला म्हणून. त्या विषय बदलतात.

मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्या कबूल झाल्या असत्या, रडल्या असत्या, आणि मी थांबले असते. मी स्वतःला ओळखते.

शुक्रवारी निघणार. सामान भरून थेट कोबार, तिथून तपासणी करून तुझ्याकडे. गाडी जाऊ दिली तर येईन. कुणी जाऊ दिली तर, हे तुला कळलंच असेल.

माया पातळ होऊ देऊ नकोस,
नोरीन

मर्राबा, ता. २९ जानेवारी १९८८

श्री. क्लेम यांस,
इनिडचा सप्रेम नमस्कार वि. वि.

आपला फारसा पत्रव्यवहार नाही, तरी लिहिते. नोरीन आज सकाळी गेली. गाडी पास झाल्याचं तिने कोबारहून फोनवर कळवलं, म्हणजे आता परगण्यालाही कळलं आहे. हे पत्र पोचायच्या आधीच ती तुमच्याकडे येईल.

नळी मी सोडवत होते. तारही मीच. तुम्ही ते ओळखलंत, हे तुमचं पत्र आल्या दिवशीच तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. मी रोज वाट पाहत होते की ती आता ओरडेल, आता भांडेल. ती ओरडली नाही. टेबलाशी बसून माझ्या हातचं खात राहिली. भांडली असती तर मी पुन्हा सोडवली असती, हे तुम्हाला खरं सांगते.

आज सामान भरून झालं. तिने बॉनेट उघडलं, स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि म्हणाली की आई, एकदा तुम्ही बघा, मला तुमच्याइतकं कळत नाही. मग ती गोठ्याच्या कुंपणापाशी जाऊन माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. लग्न होऊन आल्यापासून ती मला इनिड म्हणायची, फार झालं तर सासूबाई. आई कधी म्हणाली नव्हती.

मी किती वेळ उभी होते माहीत नाही. हातात स्क्रूड्रायव्हर, पुढे नळी. उजवीकडे फिरवला तर ती जाणार, डावीकडे फिरवला तर राहणार. ती एकदाही वळून बघत नव्हती. मग मी पट्टी आवळली, मागे जाऊन तारही आवळली, बॉनेट बंद केलं आणि म्हटलं की जा, आता कुठे अडणार नाही.

ती माझ्या गळ्यात पडून रडली. मी रडले नाही. आत्ता लिहिताना रडतेय.

तिला अंडं कडा कुरकुरीत लागतं. तुमच्या घरी हे कुणाला ठाऊक नसेल, म्हणून हे पत्र.

माझ्यावर लोभ ठेवा असं म्हणायचा मला हक्क नाही. तिच्यावर ठेवा.

आपली,
इनिड