आप्पांची जागा

ता. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाणी विधेयक काल संध्याकाळी छाननी समितीकडे गेलं. समितीच्या सचिवांनीच आमच्या वार्ताहराला तसं सांगितलं आणि बातमी माझ्या टेबलावरून छपाईला गेली, तेव्हा ही अफवा नाही. फोनच केला असता, पण आपल्याकडे फोन वाजला की आप्पा आधी कोण गेलं म्हणून विचारतात.

त्यातलं एक कलम तुमच्या मुळावर येणारं आहे. शेवटच्या बंधाऱ्याखालून समुद्राकडे जाणारं पाणी कुणाच्याच उपयोगाचं नाही, सबब ते कालव्याने वरच्या शहरांकडे वळवावं, असं त्यात लिहिलंय. म्हणजे नदीमुखाच्या सगळ्या फाट्यांत उरेल ते फक्त भरतीचं खारं पाणी. गोडं आणि खारं मिसळतं तिथेच मासा अंडी घालायला येतो, हे गळाच्या दुकानदारणीला मी सांगायला नको.

समितीच्या अध्यक्षाबाई पूर्वी शाळेत भूगोल शिकवायच्या. त्यांचं म्हणणं असं की, ते पाणी कुणी खरोखर वापरत असेल तर कुठे वापरतं ते दाखवा, कलम गाळायचा विचार करू. जाळीवाले केव्हाच खोल समुद्रावर गेले. उरलात तुम्ही गळवाले. एकमेकांकडे पाठ करून बसणाऱ्या या लोकांना एकत्र आणायचं काम आता तुझं. बेडूक तागडीत घालून तोलणं त्यापेक्षा सोपं. मी वर्तमानपत्रात नोकरीला, त्यामुळे उघडपणे तुमच्या बाजूने उभा राहू शकत नाही. कळवायचं तेवढं कळवीन.

आप्पांना शिरसाष्टांग नमस्कार. जेवायला वेळेवर येतात का?

लोभ आहेच, त्याला बंधारा घालू नकोस.
तुझा,
शेंडेफळ

----

ता. १७ फेब्रुवारी

चि. शेंडेफळास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं आणि त्याच रविवारी सभा घेतली. दुकानातली काठ्यांची घोडी भिंतीला लावली, काउंटर मागे सरकवला, शेजारच्या शिंप्याकडून बाकडी आणली. झाडून सगळे आले. दाताचे डॉक्टर आले, रिटायर झालेल्या पोस्टमास्तरीणबाई आल्या, पुलापलीकडचे ते दोघे जावई-सासरे आले आणि दोन टोकांना बसले. विधेयक वाचून दाखवलं, सगळे तापले. मग मी विचारलं, कोण कुठे गळ टाकतं ते सांगा, समितीला कळवू. तर काय, एकदम तोंडाला कुलूप. डॉक्टर दुसऱ्यांची तोंडं उघडण्यात आयुष्य घालवतात, पण स्वतःचं उघडेनात.

शेवटी मी तोड काढली. नदीमुखाचा मोठा नकाशा लाकडी फळ्यावर चिकटवून भिंतीला टेकवला, शिंप्याकडच्या टाचण्या ठेवल्या आणि सांगितलं की नाव नको, गाव नको, आपापल्या जागी नुसती टाचणी टोचा. डॉक्टरांनी त्यालाही पडदा मागितला. दिला बांधून, चौकटीला जुनी चादर. आठवडाभर एकेक जण आत जायचा, घसा खाकरायचा आणि बाहेर येऊन आकाशाकडे बघायचा. नकाशाचा साळिंदर झालाय बघ! आप्पासुद्धा गेले आत. मला भरूनच आलं. काल फळ्यासकट समितीकडे पाठवून दिला.

जेवणाचं विचारू नकोस. पूर्वी आप्पा नदीवर कुठेही असले तरी इकडे ताटं घेतली की दारात हजर. आपण म्हणायचो, यांच्या पोटात घड्याळ आहे. आई गेली आणि ते घड्याळच बंद पडलं. ऊन उतरल्यावर येतात, गार भात गिळतात आणि छान झालाय म्हणतात. मला त्या छानचाच राग येतो.

तब्येत सांभाळ. चहावर जगू नकोस. माया आहेच, ती पत्राच्या आकारावर मोजू नकोस.
तुझी,
ताई

----

ता. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वाईट बातमी आहे, आणि ती आमच्या वार्ताहराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. पाटबंधाऱ्याचे इंजिनियर तुझा नकाशा घेऊन लाँचमधून सगळ्या टाचण्यांवर फिरले. वार्ताहर त्यांच्याबरोबर होता. एका टाचणीवर सिमेंटच्या गोदामाचं आवार निघालं. दुसरीवर कोरडा वाळूचा पट्टा, तिथे पोरं क्रिकेट खेळत होती. एक तर पोलीस चौकीच्या मागच्या अंगणात! जिथे पाणी होतं तिथे चिखल घोट्याएवढा, त्यात मासा काय, बेडूकही उताणा पडेल. एकाही टाचणीवर कुणी गळ टाकताना सापडलं नाही. इंजिनियरांनी अहवालात एवढंच लिहिलंय की, या लोकांना नदी कुठे आहे हेही ठाऊक दिसत नाही.

ताई, तू गळवाल्याची मुलगी. दुकान तुझ्या हातात. या जमातीला जागा विचारली की ती खोटीच सांगणार, हे तुला सुचलं कसं नाही? मलाही सुचलं नाही म्हणा. आणि ऐक, गोदीत जिथे फुटक्या होड्या आणून टाकतात, तिथे एक टाचणी होती, चांगली ठोकून बसवलेली. इतक्या जोराने टाचणी ठोकणारा माणूस आपल्या घरात एकच आहे.

अध्यक्षाबाई अहवाल वाचून हसल्या म्हणे, पण सुनावणी रद्द केली नाही. २४ तारखेला तुमच्या नगरपालिकेच्या सभागृहात समिती येणार. तिथे खरं काही दाखवता आलं नाही, तर कलम आहे तसं राहील आणि पाणी जाईल.

रागावून लिहिलं, माफ कर. ओरडायला हक्काचं माणूस तूच.
तुझा,
शेंडेफळ

----

ता. ९ मार्च

चि. शेंडेफळास,
अनेक आशीर्वाद.

सगळ्यांना बोलावून उभं-आडवं झापलं. एकेकाचा चेहरा बघायला हवा होतास. प्रत्येकाचं म्हणणं एकच की, बाकीचे खरं सांगतील असं वाटलं, त्यात आपलं एक खोटं खपून गेलं असतं! पोस्टमास्तरीणबाईंनी तर कपाळालाच हात लावला. जन्मभर दुसऱ्यांचे पत्ते नीट पोचवले आणि स्वतःचा चुकीचा दिला, म्हणाल्या. पण चुकलं म्हणून कबूल केलं, तरी खरी जागा सांगायला कोणी तयार नाही. जागा सांगितली की जागा गेली, हे सगळे घोकत बसलेत. आणि हे शिकवलं कुणी? आपल्याच तीर्थरूपांनी, याच काउंटरवर बसून.

घरी आल्यावर माझं त्यांच्याशी चांगलंच वाजलं. मी म्हटलं, पाणीच गेलं तर तुमच्या जागेत काय खडे टाकून बसणार? ते काठीला तेल लावत राहिले. लहानपणी एकदा मी त्यांच्या मागे लपतछपत गेले होते, आठवतं? माझी चाहूल लागली म्हणून दिवसभर शाळेमागच्या डबक्यात गळ टाकून बसले आणि बिनमाशाचे घरी आले. आईलासुद्धा जागा सांगितली नाही, हे ते अजून अभिमानाने सांगतात. आज तेही मी काढलं. ते उठून माडीवर गेले. तेव्हापासून घरात मीठ वाढतानाही कोणी कोणाकडे बघत नाही.

तू त्यांना लिही. तुझं ऐकतात, कारण तू लांब आहेस.

आशीर्वाद नेहमीचेच, आज जरा थकलेले.
तुझी,
ताई

----

ता. ११ मार्च

चि. शेंडेफळास,
आशीर्वाद.

ताई बोलत नाही. भात मात्र गरम वाढते, म्हणजे राग खरा आहे.

एवढंच कळव. सुनावणीत कोणी जागा सांगितली तर ती तुमच्या पेपरात येणार का? येणार असेल तर तुला ती गाळता येईल का? तू तिथेच बसतोस म्हणून विचारतो. आयुष्यात दुसरं काही मागितलेलं नाही.

माझी प्रकृती बरी. गुडघा आपला बोलतो.
आप्पा

----

ता. १४ मार्च

ती. आप्पांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र खिशात घेऊन फिरतोय. खोटं लिहू शकलो असतो, आपल्या घराण्याला ते जमतं. पण तुम्हाला नाही लिहिणार. सुनावणी उघडी आहे. तिथे जे बोललं जाईल ते छापून येणार. आमचा नाही तर दुसऱ्याचा पेपर छापेल, आणि आमच्यात आलं तर ते पान माझ्याच हाताखालून जाईल. मी गाळणार नाही. गाळलं तर समितीच्या लोकांनाही तेच म्हणता येईल, की ही माणसं पुन्हा लपवतायत.

तुम्ही उठून सांगा असं मी म्हणत नाही. ती जागा तुमची आहे. सांगितलीत तर ती तुमची राहणार नाही, हेही मला माहीत आहे. नाही सांगितलीत तरी माझा नमस्कार एवढ्याच वाकून असेल. गुडघ्याला शेक घ्या. ताईशी आधी तुम्ही बोला, ती वाट बघत असेल.

तुमचा,
शेंडेफळ

----

ता. २५ मार्च

चि. शेंडेफळास,
अनेक आशीर्वाद.

घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

सभागृह भरलं होतं, पण सगळे मागच्या रांगांत. पुढे समिती, इंजिनियर, आणि फळ्यावर आपला तोच नकाशा, टाचण्यांसकट. इंजिनियरांनी अहवाल वाचला. अध्यक्षाबाईंनी विचारलं, कोणाला काही सांगायचंय का? कोणी हलेना. डॉक्टर बुटाच्या नाडीशी खेळत होते. मला वाटलं, संपलं.

मग आप्पा उठले. गुडघा धरत फळ्यापाशी गेले. गोदीतली टाचणी उपटायला त्यांना दोनदा ओढावं लागलं. ती त्यांनी पंपघरामागच्या वळणावर टोचली आणि म्हणाले की, ही माझी जागा, चाळीस वर्षं कोणाला सांगितली नव्हती, आज सांगतोय, चला दाखवतो. सभागृहात असा श्वास ओढला गेला की खिडक्या हलल्या असतील.

पंपघरामागचं वळण! अरे, आपल्या घरासमोरचं पलीकडचं तीर! रोज पहाटे पुलावरून, बाजारातून, वळसा घालघालून हा माणूस आपल्याच घरासमोर जाऊन बसत होता.

सगळी समिती तिकडे निघाली. आप्पांनी गळ टाकला. एक मासा लागेल तर शपथ! अध्यक्षाबाई छत्री धरून उभ्या, इंजिनियर घड्याळ बघतायत, आप्पांच्या कानांच्या पाळ्या लाल. तेव्हा डॉक्टरांना राहवेना. ते म्हणाले की, ओहोटीला इथे काही लागत नाही, असल्या वेळी माझ्या जागी यायला हवं. आणि बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. पण बाण सुटला होता. तिथे गेलो, तर पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या की, ही काय जागा, खरी बघायची तर पुढच्या फाट्यावर चला. मग जो तो आपली जागा दुसऱ्याहून बरी म्हणून दाखवायला धावायला लागला. सासरे-जावई निघाले तेव्हा कळलं की दोघं एकाच जागेवर बसतात, एक सकाळी, एक संध्याकाळी! पोस्टमास्तरीणबाईंच्या जागी त्यांनी इंजिनियरांच्याच हातात काठी दिली. तिला असा हिसका बसला की इंजिनियर शाळकरी पोरासारखे ओरडले. मासा त्यांनी स्वतः सोडला. मग ओंजळभर पाणी जिभेला लावून पाहिलं आणि अध्यक्षाबाईंना म्हणाले की, गोडं आहे, जरासं मचूळ.

आता खरं सांगायचं ते. मी आप्पांच्या वळणावर उभी राहून इकडे बघितलं. लव्हाळ्यातून फक्त आपली गच्ची दिसते आणि वाळत घालायची तार. मी विचारलं, आप्पा, आईला तरी कळलं नाही कसं? त्यांनी काठीचा दोरा गुंडाळून घेतला. म्हणाले, मी कधी सांगितलं नाही आणि तिने कधी विचारलं नाही. फक्त भात उतरला की ती तारेवर लाल चादर टाकायची.

आपण समजायचो, पोटात घड्याळ आहे.

आणखी लिहवत नाही. माया तुला ठाऊक आहेच.
तुझी,
ताई

----

ता. ४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

समितीने ते कलम गाळायची शिफारस केली. एका मताच्या फरकाने. सचिवांनी दुपारी सांगितलं, मी दोनदा विचारून खात्री केली. विधिमंडळात मतदान येत्या गुरुवारी. आमचा वार्ताहर म्हणतो, काठावर आहे, पण इंजिनियरांचा नवा अहवाल तुमच्या बाजूचा आहे आणि तो वजनदार ठरेल.

सुनावणीची बातमी माझ्याच टेबलावर आली होती. पंपघरामागचं वळण हे शब्द दोनदा तपासले आणि तसेच जाऊ दिले. आप्पांना सांग, एवढ्या जड मनाने मी एकही ओळ छापायला सोडलेली नाही.

शनिवारी सुट्टी घेऊन येतोय. गुरुवारी निकाल काहीही लागो, मला त्या वळणावर आप्पांच्या शेजारी बसायचंय.

भेटीत उरलेलं सगळं.
तुझा,
शेंडेफळ

----

ता. ७ एप्रिल

चि. शेंडेफळास,
अनेक आशीर्वाद.

ये, पण वळणावर जागा मिळेल ही आशा सोड. पेपर आला त्या सकाळपासून तिथे गर्दी आहे. परवा डॉक्टर घडीची खुर्ची घेऊन गेले. त्यांना मी गळ विकला, पण मनात शिव्या घातल्या.

आप्पा तेव्हापासून दोन दिवस घरात बसून होते. आज पहाटे काठी घेऊन निघाले. पुलाकडे नाही, उलट्या बाजूला. कुठे, म्हणून विचारलं तर हवा खायला म्हणाले. काठी घेऊन! मी पुढे विचारलं नाही. मतदान गुरुवारी, तू शनिवारी. पाणी राहिलं तर नवी जागा शोधून काढायला तुम्हा दोघांना जन्म आहे.

आईची लाल चादर पेटीत सापडली. विटली आहे, पण लाल आहे. आता भात उतरवला, गच्चीवर जाऊन ती टाकली, तारेवर नाही, वर टाकीच्या कठड्यावर, कुठूनही दिसेल अशी. ताटं घेतली आहेत. भाताच्या वाफा निघतायत, आणि मी हे पत्र जिन्याच्या तोंडाशी बसून लिहितेय, कारण खालचं दार वाजलं तर इथून आधी ऐकू येतं.

तुझी,
ताई