अकरा वर्षे फाइफवादक: ट्राउगोट शाउब यांचे निर्वाणीचे लेखी म्हणणे

मी, ट्राउगोट शाउब, वय वर्षे ७८, पूर्वीचा धंदा कुलुपे दुरुस्त करणे, राहणार बाझेल, नदीपलीकडच्या धाकट्या पेठेत, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही. बायकोने फक्त एवढेच म्हटले, की "लिहायचंच असेल तर निदान एकदा खरं लिही." यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे मी रद्द करतो. ती तीन होती आणि तिन्हींत मी स्वतःचे कौतुक केले होते.

कलम १. राहते घर, बँकेतील शिल्लक आणि स्वयंपाकघरातील घड्याळ माझी पत्नी हेडविग, म्हणजे हेडी, हिला मिळावे. घड्याळ दहा मिनिटे पुढे आहे, ते तिनेच केले आहे. कुलुपांची हत्यारे पुतण्या क्लेमेन्स याला द्यावीत. लहान कानस मात्र देऊ नये. ती त्याने १९६९ साली नेली आणि अजून स्वतःचीच म्हणून वापरतो आहे.

कलम २. माझे खालचे-वरचे खोटे दात दंतवैद्य डॉ. रोट यांना परत करावेत असा माझा विचार होता. परंतु ते या कागदावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, असे नोटरीसाहेब म्हणतात. तेव्हा दात माझ्याबरोबर पुरावेत.

दातांचा विषय निघालाच आहे, तर मुख्य गोष्ट सांगतो. पाणकावळे नावाच्या फाइफ-ढोलवाल्यांच्या टोळीत मी चाळीस वर्षे फाइफ वाजवली. माझ्या आजोबांची ही काळ्या लाकडाची आडवी बासरी, पलटणीत त्यांनी हिच्यावर सैनिकांना उठवले आणि चालवले. माझ्या हातात आल्यावर ती दर फेब्रुवारीत तीन दिवस, फास्नाख्टच्या, म्हणजे आमच्या मुखवट्यांच्या सणाच्या, मिरवणुकीत, ढोलांच्या पुढे वाजू लागली. मी पहिला फाइफवादक होतो. तसे सगळे म्हणत. मी सर्वांत आधी म्हणत असे.

जानेवारी १९७७ मध्ये मी हेडीने केलेला मधाचा लेकर्ली, म्हणजे कडक बिस्कीट, खाल्ला. तो नाताळच्या आधीचा होता. "कॉफीत बुडवून खा," ती म्हणाली. मी म्हटले, "माझे दात आहेत, चिमणीचे नाहीत." पुढचे दोन दात लेकर्लीत राहिले. बाकीचेही हलत होतेच, डॉक्टरांनी सगळेच काढले. नव्या दातांनी मी फाइफ ओठांना लावली, तर नुसती फुस्स. मिरवणूक सहा आठवड्यांवर.

टोळीत बायका चालत नाहीत. पण मिरवणुकीत प्रत्येकाच्या डोक्यावर कागदाच्या लगद्याचा भलामोठा मुखवटा असतो आणि आत कोण आहे हे विचारायचे नाही, अशी आमची रीत आहे. हेडी माझ्या शेजारी बसून तीस वर्षे ऐकत होती. सूप उकळेपर्यंत ती माझ्या फाइफवर सगळी कवायतीची गाणी वाजवी, आणि माझ्यापेक्षा स्वच्छ. मी तिच्या खांद्यांत उशा भरल्या, माझे बूट दिले, त्यांत मोजे कोंबले आणि तिला माझ्या जागी पाठवले. ती अकरा फास्नाख्ट गेली. मी पडदे ओढून घरात बसलो, पिठाचे सूप ढवळत, कारण मी रस्त्यावर दिसलो असतो तर भांडे फुटले असते. सरावाला मी स्वतः जाई, वीस जणांच्या आवाजात ओठांशी फाइफ धरून बोटे नाचवी. नंतर कोणी पाठ थोपटली, की मान खाली घालून "वयाने येतं रे," असे म्हणे. टोळीने मला मानाचे पदक दिले. मी घेतले. रात्री हेडीने ते चिमट्याने उचलून माझ्या ताटात ठेवले होते.

कलम ३. घराखालचे तळघर, जिथे टोळी सराव करते आणि पिते, ते टोळीला द्यावे. अट एकच. माझ्या अंत्यविधीला हेडीने टोळीच्या रांगेत, मुखवटा न घालता, उघड्या तोंडाने, फाइफ वाजवावी. अट मोडल्यास तळघर आमच्या वैरी टोळीला, पितळी भोंगेवाल्यांना, जाईल.

हे कलम मी गेल्या महिन्यात लिहिले आणि टोळीचा प्रमुख ओत्मार गीझिन याच्याकडे कबुली द्यायला गेलो. सगळे सांगून झाले. ओत्मारने बिअर संपवली.

"आम्हाला पहिल्याच वर्षी कळलं," तो म्हणाला.

"कसं?"

"गाण्याच्या तिसऱ्या भागात तू दर वेळी अडखळायचास. चाळीस वर्षं. त्या वर्षी कोणी अडखळलंच नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर नियमाप्रमाणे तिला काढावं लागलं असतं. असं वाजवणारं माणूस कोण घालवेल, गाढवा?"

म्हणजे त्यांना कळलंय हे न कळलेला सगळ्या शहरात मी एकटाच होतो. घरी येऊन हेडीला सांगितले. ती बटाटे सोलत होती. "त्यांना कळलंय हे मला कळलं होतं," ती म्हणाली. मग मी मोठ्या रुबाबात तिला कलम ३ वाचून दाखवले. तिने सुरी खाली ठेवली.

"उघड्या तोंडाने? फास्नाख्टवाले काय आपण, की बाहेरगावचे पाहुणे? आणि मला तुझ्या थडग्यापाशी वाजवायचं नाही. अकरा वर्षं तुझ्या जागी वाजवलं, आता मेल्यावरही तुझ्यासाठीच?"

"मग काय हवंय?"

हे मी तिला पहिल्यांदाच विचारले, हे इथे नमूद करतो.

"टोळीच्या वहीत माझं नाव. आणि येत्या फेब्रुवारीत माझा मुखवटा, माझे बूट. तू फुटपाथवर उभा राहायचं आणि मला ओळखायचं."

म्हणून कलम ३ मधील अंत्यविधीची अट मी रद्द करतो आणि वहीत नाव ही अट घालतो. ओत्मारने भोंगेवाल्यांचे नाव ऐकताच सभा बोलावली. ती सात मिनिटांत संपली. काल त्याने वही घरी आणली. त्यात लिहिले आहे: हेडविग शाउब, फाइफ. मी चष्मा लावून दोनदा वाचले.

कलम ४. फाइफ हेडीची. ती मी देत नाही, ती तिचीच आहे.

कलम ५. इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला नाताळपर्यंतची मुदत दिली आहे. मिरवणूक २२ फेब्रुवारीला आहे. ज्या वाजवण्यासाठी मी अकरा वर्षे शाबासकी घेतली, ते रस्त्यावर मी एकदाही ऐकलेले नाही. मला फार भीती वाटते आहे. तरी हे मृत्युपत्र त्या तारखेनंतरच उघडावे लागेल, इतके दिवस जगण्याचे मी हेडीला तोंडी कबूल केले आहे, आणि या खेपेला ते मी स्वतः करणार आहे.

सही: ट्राउगोट शाउब

साक्षीदार: १. मार्थे इमहोफ, बेकरीवाल्या (सही) २. डॉ. फेलिक्स रोट, दंतवैद्य (सही)

आमच्यासमक्ष वाचले, समजले आणि सही केली. सही करताना हात कापत होता, डोके नाही.

बाझेल, १४ नोव्हेंबर १९८७