तीसपर्यंत मोजावे

५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुमच्या नेमबाजी क्लबाची सुरक्षा-पुस्तिका मराठीत आणून झाली. हस्तलिखित सोबत आहे. अध्यक्षांनी भाषेचं तोंडभरून कौतुक केलं. मिसफायर आणि हँगफायर मला एकच वाटले, म्हणून दोन्हीला ‘बार न उडणे’ म्हटलंय, आणि लगेच बंदुकीचा मागचा बोल्ट उघडून काडतूस काढावे, असं लिहिलंय. तू तिथे वीस वर्षं शिकवतेस, एकदा नजर टाक. तुझं ‘ठीक’ आलं की छपाई. आमचे हेही तुमच्याकडे शिकायला येताहेत. खुशाल कान उपट.

तुझ्या रागालाही माया समजणारी,
ठमी

१० मार्च

चि. ठमीस अ. उ. आ.

वाचलं. ठीक आहे.

वीस वर्षं घसा मी कोरडा केला, पण लिहायला अध्यक्षांना तूच आठवलीस. घरी तरी काय, पाहुण्यांना तुझे निबंध वाचून दाखवायचे आणि माझी नेमबाजीत जिंकलेली ढाल कपाटामागे! माझ्या पोटात दुखतंय असं मात्र समजू नकोस. तुझं नाव मोठ्या टायपात छापून येऊ दे.

लोभ आहेच, जाईल कुठे,
ताई

२ एप्रिल

चि. ठमीस अ. उ. आ.

आधी हे वाच की तुझा नवरा सुखरूप आहे.

आज सकाळी त्यांनी चाप ओढला आणि नुसतं टक् झालं. तुझी पुस्तिका पाठ, त्यामुळे हात लगेच बोल्टकडे गेला. मी झडप घालून मनगट धरलं, नळी निशाणाकडेच ठेवली आणि मोजू लागले. चारला बार उडाला. बोल्ट उघडला असता तर तोंडावरच फुटला असता.

मिसफायरमध्ये काडतूस उडतच नाही, हँगफायरमध्ये उशिरा उडतं. कुठलं काय ते बाहेरून कळत नाही, म्हणून तीसपर्यंत मोजायचं. तुझं हस्तलिखित वाचतानाही मला हे ठाऊक होतं. तू चारचौघांत तोंडघशी पडावीस म्हणून मी ‘ठीक’ लिहिलं. जळत होते गं तुझ्यावर. कुणाच्या जिवावर बेतेल, हे मनातसुद्धा आलं नाही.

ते सगळ्यांना सांगत सुटलेत की ताईंनी वाचवलं. त्यांना खरं काय ते तू सांग, माझी जीभ रेटली नाही. अध्यक्षांना मात्र मी सगळं सांगितलंय. पुस्तिका परत मागवल्यात, उद्या शुद्धिपत्र छापायला जाईल. पुस्तिकेवर माझं नाव नाही म्हणून एवढा जळफळाट केला ना, आता शुद्धिपत्रावर माझं एकटीचंच येतंय.

लोभ असू दे, असं कुठल्या तोंडाने लिहू?
ताई