एका बाजूला तीन फाटे

बुधवार, २४ नोव्हेंबर

"शिंगांचा रस्सा होत नाही, डॅड." — वेंडल हे म्हणाला त्याला एकोणीस वर्षं झाली. शिकारीच्या ह्याच कॅम्पवर, ह्याच टेबलाशी. त्या साली पेनसिल्व्हेनियात नियम आला: हरणाच्या नराच्या शिंगाला एका बाजूला निदान तीन फाटे असल्याशिवाय गोळी घालायची नाही. तो नियम यावा म्हणून डॅड गावोगावच्या सभांत बोलत हिंडले होते. वेंडलला काचेच्या कारखान्यातून दोन दिवसांची रजा. दोन दिवसांत पाच नर समोरून गेले, तीन फाटे एकालाही नाहीत. घरी तीन पोरं, फ्रीझर रिकामा. एवढं एक वाक्य बोलला, बंदूक उचलली, गेला. परत इथे आला नाही.

एप्रिलमध्ये माझा हा भाऊ वारला. वाटलं होतं, इथे पाऊल टाकल्यावर तरी रडू येईल. नाही आलं. शेगडी पेटवली, उंदरांची घाण काढली, चार गाद्या झटकल्या. डॅड आणि मी, दोघंच आहोत. चार का झटकल्या, माहीत नाही.

गुरुवार, २५ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. डब्यातलं सूप. डॅड म्हणाले, मीठ कमी आहे.

शुक्रवार, २६ नोव्हेंबर

डॅड जेवताना वेंडलशी भांडत होते — नाव न घेता. पूर्वी पहिल्याच दिवशी दीड-दीड वर्षाचे सगळे नर मारले जायचे, रानात वयाचा नर उरत नसे. एक वर्ष जगू दिलं तर बघा आता कसे झालेत! खरं आहे. मी लहान असताना बोटाएवढ्या शिंगांचेच बघितले. गेल्या साली ओढ्यावर एक आला होता, त्याच्या डोक्यावर जणू झुडूप उगवलेलं.

पण वेंडलचंही खोटं नव्हतं. ज्याला मांस हवंय त्यानं शिंगं का मोजायची? आणि मोजणीत चुकलेला माणूस घाबरतो, हरण झुडपात टाकून पळतो — तेही आम्ही बघितलंय. वास आल्यावर.

डॅडचा शेवटचा मुद्दा नेहमीचाच. ह्या नियमानं माणूस आधी बघायला शिकला, मग गोळी घालायला. वय वर्षं एकोणऐंशी. हे बोलताना अजून ताठ बसतात.

मी दोघांचंही ऐकत आले. कुणाची बाजू घेतली नाही. त्याला मी शहाणपणा समजत होते.

शनिवार, २७ नोव्हेंबर

हंगामाचा पहिला दिवस. उजाडायच्या आधी डॅड त्यांच्या दगडापाशी बसले. मी माझ्या टेकाडावर गेलेच नाही. जुन्या बागेपलीकडे आडवा पडलेला जाडजूड पाइन आहे, वेंडलची जागा, तिथे खोडाला टेकून बसले. खास काही मनात नव्हतं. दुसऱ्या शिकाऱ्याला लांबून दिसावं म्हणून नारिंगी जाकीट, नारिंगी टोपी. थर्मास.

आठच्या सुमाराला दोन गोळ्या. पहिलीनंतर माझ्या टोपीवर काहीतरी भुरभुरलं — फांदीवरचा बर्फ असेल. दुसरीनंतर शांत. मी उठून बागेत गेले.

सफरचंदाच्या वाळक्या झाडाखाली पडला होता. सरळ दोन शिंगं, माझ्या अंगठ्याएवढी. फाटा एकही नाही. डॅड आले, वाकले, हातानं चाचपलं. इकडे, तिकडे. मग वर झाडाकडे बघत राहिले. त्याच्या डहाळ्या अगदी शिंगांच्या फाट्यांसारख्या पसरल्या होत्या.

"मोजले होते," ते म्हणाले. "तीन मोजले होते, कोरीन."

चूक झाली तर आपणच शिकारखात्याच्या वॉर्डनला फोन करायचा, ही इथली रीत. वॉर्डन येतो, नोंद करतो, हरण घेऊन जातो. लाज सोडली तर फार काही होत नाही. मी फोन काढला. डॅडनी माझ्या मनगटावर हात ठेवला. म्हणाले, माझं नाव नको. ह्या खोऱ्यात सगळ्यांना मीच शिकवलं मोजायला. तुझं सांग.

मी माझं सांगितलं. हरणाला टॅगही माझा लावला — वर्षाला माणशी एकच मिळतो, एका नराचा.

वॉर्डन तरुण होता, सौम्य. म्हणाला, पुढच्या वेळी सावकाश बघा, मॅडम. डॅड शेजारी उभं राहून मान डोलावत होते.

रविवार, २८ नोव्हेंबर

झोप लागली. त्याचंच नवल वाटलं.

मंगळवार, ३० नोव्हेंबर

खाली गावात नाश्त्याला गेलो. गाडी मीच चालवली. जूनपासून डॅडचा गुडघा दुखतो. बातमी पोचली होती. शेजारच्या कॅम्पचा मर्ल पाच बोटं माझ्या तोंडापुढे धरून म्हणाला, "किती दिसतात गं पोरी? बापाची इज्जत घालवलीस की." सगळे हसले. डॅड पॅनकेकवर पाक ओतत म्हणाले, "लहानपणापासून घाईची आहे ती."

एवढ्या सहज म्हणाले! मला क्षणभर वाटलं, खरंच मीच मारला की काय. राग यायला हवा होता. मी कॉफी आणखी मागितली.

बुधवार, ८ डिसेंबर

टेबलावर जुनं फडकं, तेलाची बाटली, उघडलेली रायफल. हंगामाचा शेवटचा दिवस शनिवार. डॅड जाणार आहेत. टॅग माझा लागला ना — त्यांचा तसाच कोरा आहे.

हे मला अकरा दिवस सुचलं नव्हतं. मला वाटलं होतं मी त्यांची लाज झाकली. मी त्यांना आणखी एक गोळी दिली.

म्हटलं, गुडघा दुखतोय तर राहू दे ह्या वर्षी. ते म्हणाले, शनिवारी मर्लचा नातू आणि सून बागेच्या बाजूला बसणार आहेत, त्यांच्या चाहुलीनं हरणं माझ्याकडे येतील, बरं पडेल.

गुरुवार, ९ डिसेंबर

बसायची उशी त्या दिवशी पाइनपाशीच राहिली होती. दुपारी आणायला गेले.

उशीच्या दीड हात वर, खोडात गोळीचं भोक. ताजं, पांढरं. सालीचे तुकडे उशीवर. मी उशीवर बसून पाहिलं. भोक उजव्या कानापासून वीतभर. तिथून सरळ रेषेत सफरचंदाचं झाड, त्यामागे डॅडचा दगड. पानं कधीच गळलीत. मधे आडवं काही नाही. नारिंगी जाकीट तिथून दिसणारच. ज्याला दिसतं त्याला.

बराच वेळ बसले. हात थंड पडले तेव्हा कळलं, हातमोजे खिशातच होते.

शुक्रवार, १० डिसेंबर

जेवणानंतर सांगितलं. किती वीत, कुठे, सगळं. डॅडनी ताटली बाजूला सारली. मग म्हणाले, "जूनपासून मधोमध काहीच दिसत नाही. कडेकडेनं दिसतं. बाकीचं मी धरून चालतो."

म्हणजे मला त्यांनी रान धरलं होतं.

वॉर्डनचा नंबर लिहिलेला कागद टेबलावर ठेवला, त्यावर फोन. ते नाही म्हणतील. ते कुणाचं ऐकून कधी हो म्हणालेले मला आठवत नाहीत. तरी म्हटलं — डॅड, फोन तुम्ही करा. तुमच्या नावानं. डोळ्यांचंही सांगा.